विकसनशील मामेसासरे

जगात देश पुष्कळ आहेत. पण एकटा माणूस आख्ख्या देशासारखा वागताना मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच सासरी निघाला. माझे मामेसासरे, म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, हे माणसांच्या वस्तीत राहणारं एक स्वतंत्र राष्ट्र आहे. त्यांना सीमा आहेत, परराष्ट्र धोरण आहे, मामींच्या नकळत कपाटात ठेवलेला शेवेचा राखीव साठा आहे, आणि बोलताना ते कधी 'मी' म्हणत नाहीत, 'आम्ही' म्हणतात. 'आम्हाला चहा चालेल' असं ते म्हणाले की नवख्या माणसाला किती कप आणावेत ते कळत नाही. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या वडिलांचा हात हातात घेतला आणि, "दोन्ही पक्षांना लाभदायक असा हा करार दीर्घकाळ टिकावा," असा आशीर्वाद दिला. माझे वडील धुळ्याचे, सरळ बोलणारे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बेटा, हाऊ माणूस वकील शे का?" मी नवी नवरी, मान आधीच खाली होती, ती आणखी खाली घातली. मामांच्या सहवासात ती पुढे फारशी वर आलीच नाही.

मामा वकील नव्हते. जळगावच्या एका कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे आणि आता निवृत्त होऊन रावेरजवळच्या आपल्या गावी केळीची बाग बघतात. सगळ्या अर्थशास्त्रात त्यांचा जीव एकाच गोष्टीवर जडलेला, ती म्हणजे देशादेशांमधल्या व्यापाराचे कायदे. त्यातही भारत, चीन, ब्राझील अशा उभरत्या मोठ्या देशांना या कायद्यांनी कसं वागवायचं, हा त्यांचा खास विषय. कधीतरी दिल्लीला ते या विषयावरच्या परिसंवादाला जाऊन आले. तिथे मिळालेली कापडी पिशवी अजून त्यांच्या खांद्यावर असते. तिच्यावरची अक्षरं धुऊन धुऊन गेली, पण आत काय ठेवलंय हे विचारायची अजून कोणाची हिंमत नाही. जिनिव्हाला ते कधी गेले नाहीत, तरी भुसावळच्या पुढचं स्टेशन असावं तसं त्याचं नाव घेतात. कॉलेजात निदान तास संपल्याची घंटा व्हायची. निवृत्तीनंतर तोच तास नातेवाइकांवर सुरू झाला आणि घंटा वाजवणारं कोणी उरलं नाही.

या कायद्याचं पहिलं कलम, मामांच्या सांगण्याप्रमाणे, असं की एकाला जी सवलत दिली ती सगळ्यांना द्यावी लागते. जळगावात एका लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. वरण-बट्टीचा बेत होता. वाढप्याने नवऱ्या मुलाच्या काकांच्या बट्टीवर तुपाची दुसरी धार सोडली आणि तो पुढे सरकला. मामांनी त्याची तुपाची किटली दांडीला धरून थांबवली. "कलम पहिलं," ते म्हणाले. वाढप्या म्हणाला, "कोन कलम? मी तर गनेश." मामांनी त्याला तुपाची किटली हातात असताना, मागे पंगत खोळंबलेली असताना, पहिल्या कलमाचा इतिहास सांगितला. शेवटी आख्ख्या पंगतीला दुसऱ्यांदा तूप वाढावं लागलं. लोकांनी मामांना दुवा दिला, यजमानांनी शिव्या दिल्या, आणि मी पत्रावळीकडे इतका वेळ टक लावून बघत राहिले की शेजारच्या बाईंनी मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

शेजाऱ्यांकडे शेवग्याला बहर आला की ते मोठ्या मनाने शेंगांच्या जुड्या पाठवतात. मामांनी एकदा त्या परत केल्या आणि निरोप पाठवला, की उत्पादन खर्चाच्याही खाली माल आमच्या हद्दीत ओतला जात असल्याने आमच्या अंगणातल्या शेवग्याला इजा पोहोचत आहे. शेजारीण बिचारी बकरी हाकलायला काठी घेऊन आली. तिला वाटलं, तिच्या बकरीने झाड खाल्लं. आमच्या घरी आले की मामा म्हणतात, "आमच्यासाठी वेगळं काही करायचं नाही हं. माल एकदा हद्दीत आला की त्याला घरच्या मालासारखंच वागवायचं, असा नियम आहे." मग ते घरच्या मालासारखे सरळ स्वयंपाकघरात शिरतात आणि फडताळातले डबे एकेक करून उघडून बघतात. मामींशी भांडण झालं आणि त्यात हरले (म्हणजे नेहमीच) तर ते जाहीर करतात, "आम्ही अपिलात गेलो आहोत." आता, जगाच्या व्यापारातलं जे अपिलाचं मंडळ आहे त्याच्या खुर्च्या म्हणे कधीपासून रिकाम्या पडल्या आहेत, कारण नव्या माणसांच्या नेमणुकाच होऊ दिल्या नाहीत. त्यामुळे अपील केलं की निकाल तिथेच लटकून राहतो, ना लागू होतो ना रद्द होतो. मामांच्या घरचा बिघडलेला कूलर याच कारणाने कित्येक उन्हाळे दुरुस्त झालेला नाही. मामी ओल्या पंच्याने वारा घेतात आणि म्हणतात, "हरलेला मानूस घरात ठेवला म्हनजे असंच व्हतं."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मामांचं एक कलम मला हसू देत नसे, आणि तेच त्यांचं सगळ्यात लाडकं होतं. विकसनशील देशांना या कायद्यात विशेष सवलत असते. इतरांनी जेवढं द्यायचं त्याहून कमी द्यायचं, इतरांनी जेव्हा करायचं त्यानंतर सावकाश करायचं. गंमत अशी, की विकसनशील कोण हे ज्याचं त्याने सांगायचं. मामांनी स्वतःला कधीच तसं जाहीर करून टाकलं होतं. त्यांची केळी आता फण्या करून, धुऊन, खोक्यात भरून आखाती देशांत जातात. बागेच्या तोंडाशी पत्र्याचं मोठं पॅकहाऊस उभं राहिलंय, मुलगा पुण्यात स्थिरावलाय, पांढरी गाडी दारात आहे. पण कुठे काही द्यायची वेळ आली की मामा हात जोडून म्हणत, "आम्ही अजून उभरते आहोत." आणि सल्ला द्यायची वेळ आली, की त्याच हातांनी खुर्ची पुढे ओढून घेत आणि म्हणत, "एवढा मोठा बाजार आहे आमचा, आम्हाला विचारल्याशिवाय कसं ठरवता?" नवऱ्याच्या एका चुलतभावाने एकदा त्यांना हे बोलून दाखवलं. मामा जराही न गडबडता म्हणाले, "एकूण धरलं तर आम्ही मोठे आहोत. माणशी धरलं तर लहान." त्यांच्या घरी माणसं दोन आहेत.

या सवलतीची खरी झळ बसायची ती माझ्या सासूबाईंना. त्या असोद्याला राहतात. सासरे गेले, आम्ही जळगावला राहायला बोलावून दमलो, पण त्या आपलं लहानसं शेत आणि वांग्याची रोपं सोडून यायला तयार नाहीत. त्यांचं मागणं आयुष्यात एकच होतं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. म्हाताऱ्या झाल्या तरी जातात. पण आपणहून पिशवी उचलून जायचं नसतं. भावाने मुराळी होऊन न्यायला यावं लागतं. मामा पूर्वी यायचे. बाग वाढली, केळी बाहेर जायला लागली, तसं त्यांचं येणं थांबलं, कारण आखाजीच्या सुमारास माल भरायची घाई असते. सासूबाईंच्या वतीने मी एकदा धीर करून विषय काढला, तर मामा म्हणाले, "आमचं दार बाराही महिने उघडं आहे. कसलंही शुल्क नाही, परवाना नाही. तिने केव्हाही यावं. न्यायलाच आलं पाहिजे हा तिने घातलेला अडथळा आहे." आणि मग, थोडा विचार करून, "त्या बाबतीत आम्हाला संक्रमणकाळ मिळालेला आहे, नियम पाळायला सुरुवात करण्याआधीची मुदत." सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "काय म्हने भाऊ?" मी म्हटलं, "काम खूप आहे म्हणतात." दर आखाजीला त्या सकाळी धुतलेलं पातळ नेसतात, ओट्यावर येऊन बसतात, आणि ऊन चढलं की आत जाऊन भाजी निवडायला घेतात. त्या दिवशी त्यांच्या समोर जायची मला लाज वाटते.

थंडीत मात्र मामा न चुकता येत, कारण तेव्हा असोद्याच्या शेतात भरीत असतं. आमच्याकडे भरीत ही भाजी नसून समारंभ आहे. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर हिरवी-पांढरी थोराड वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर बांधावर बसून खायची. प्रत्येक घराने काहीतरी आणायचं असतं. कोणी तेल आणतं, कोणी कोथिंबीर, कोणी दह्याचं गाडगं. वांगी सासूबाईंची, काड्या सासूबाईंच्या, पीठ सासूबाईंचं आणि भाकरी थापणारे हातही त्यांचेच. मामा पांढऱ्या गाडीतून उतरत, पिशवीतून मिठाचा एक पुडा काढत आणि तो दोन्ही हातांनी बहिणीच्या स्वाधीन करत. दर वर्षी मीठ, फक्त मीठ. "आमच्या कुवतीप्रमाणे," असं म्हणून ते सगळ्यात चांगल्या सतरंजीवर, सगळ्यांच्या मधोमध बसत आणि वांगी कशी भाजावीत यावर शेवटपर्यंत सूचना करत.

गेल्या थंडीत माझे आईवडील धुळ्याहून आले होते, त्यामुळे माझ्या जिवाला आधीच घोर. झालं तसंच. मामा गाडीतून उतरले ते बोलतच उतरले. वाटेत त्यांना काहीतरी सुचलं होतं, ते माझ्या वडिलांना लगेच सांगणं भाग होतं. काड्या पेटल्या, वांगी भाजून झाली, धुराने सगळ्यांचे डोळे भरले, तरी मामांचं चाललेलं. काही मोठे देश आता म्हणू लागले आहेत, की यापुढे आम्ही ही विशेष सवलत मागणार नाही. मामांना ते अजिबात पसंत नव्हतं. "हक्क म्हणून मिळालेली गोष्ट सोडायची कशाला? आपण लहानच आहोत, हे ठणकावून सांगायला लाज कसली?" माझ्या वडिलांनी बांधापलीकडे उभी असलेली पांढरी गाडी बघितली, भाकरी थापणाऱ्या सासूबाईंकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, बठ्ठा लहान झाया ते मोठा कोन व्हई?" सगळेच लहान झाले तर मोठं कोण होणार, हे ऐकून दोन-चार जण हसले. मी हातातली कोथिंबीर इतकी बारीक चिरली की तिचा चिखल झाला.

तेवढ्यात बडगीपाशी बसलेल्या माझ्या नवऱ्याने हाक दिली, "मामा, मीठ द्या." मामांनी पिशवीत हात घातला. मग दुसऱ्या कप्प्यात घातला. पिशवी उलटी केली. त्यातून एक चष्म्याचं घर, पंचा आणि शेवेची पुरचुंडी पडली. मीठ नव्हतं. नवं सुचलेलं घोळवत घोळवत ते रावेरहून निघाले होते आणि पुडा ओट्यावरच राहिला होता. मामांनी सगळ्यांकडे एकवार बघितलं, आणि कोणतंही कलम त्यांच्या मदतीला आलं नाही.

सासूबाई उठल्या. पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी आपल्या गाठोड्यातून एक लहानसा पितळी डबा काढला आणि बडगीत मीठ टाकलं. मामांचा चेहरा एकदम खुलला. "बघा, शेजारी राष्ट्र असं असावं! आज नेमकं तुला सुचलं कसं गं, बाई?"

"आज कायले?" सासूबाई सहज म्हणाल्या. "मी तर दर साली आनते."

"दर साली? पण मीठ तर आम्ही आणतो."

"तू आनतोच रे. तुझंच टाकते मी, माझं परत घरी नेते. पन तू बोलन्याच्या नादात एखादवेळी इसरशील, आन् मंग चार लोकांत तुझ्यावर खाली पाह्याची पाळी यील. म्हनून आपलं राहू देते जवळ." एवढं बोलून त्या पुन्हा भाकरी थापायला बसल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, आणि म्हणूनच तो आम्हा सगळ्यांना लागला.

सतरंजीच्या मधून उठून मामा कडेला, धुराच्या बाजूला जाऊन बसले. भरीत वाढलं गेलं, तसं त्यांनी घास घेतला आणि तो तोंडात घोळवत राहिले. कोणीतरी विचारलं, "मामा, मीठ बरोबर आहे ना?" त्यांनी मान हलवली. ताट अर्धं ठेवून ते विहिरीकडे हात धुवायला गेले आणि बराच वेळ हात धूतच राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले, तर ते स्वतःशीच म्हणत होते, "लाज वाटली पाहिजे मले. लाज वाटली पाहिजे." 'मी' म्हणताना आणि गावच्या बोलीत बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं मी त्यांची लाज बाळगत आले होते. ती त्यांनी आता स्वतःच्या हाताने उचलून घेतलेली बघून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. उलट, तांब्या तिथेच ठेवून पळून जावंसं वाटलं. त्यांची बहीण त्यांना चार लोकांत सांभाळून घेत होती, तेव्हा मी त्याच चार लोकांत बसून ताटाकडे बघत होते.

निघताना मामांनी सगळ्यांसमोर हात जोडले. आम्हाला वाटलं, आता भाषण होणार. ते एवढंच म्हणाले, "आजपासून आम्ही सवलत सोडली." आणि गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर ते फार गप्प झाले. मध्ये एका बारशाला भेटले. वाढप्याने त्यांना वगळून शेजाऱ्याला दुसरा लाडू दिला, तरी काही बोलले नाहीत. मी मुद्दाम म्हटलं, "मामा, कलम पहिलं!" तर कसनुसं हसले. कूलर दुरुस्त करून आणला, म्हणजे अपील मागे घेतलं. मामींनी फोनवर ते सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा काळजीच जास्त होती.

आखाजीच्या दिवशी सकाळी आम्ही असोद्याला होतो. सासूबाईंना भेटून पुढे मला धुळ्याला माहेरी जायचं होतं. त्या नेहमीप्रमाणे धुतलेलं पातळ नेसून ओट्यावर बसल्या होत्या. ऊन अजून कोवळं होतं, तोच पांढरी गाडी येऊन थांबली. मामा उतरले. खांद्यावर पिशवी नव्हती. ओट्याच्या पायरीशी उभे राहून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखं खाली बघत ते म्हणाले, "बाई, न्यायले आलो."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, पण आवाज नेहमीचाच ठेवला. "काम नई का रे आज? माल भरनं आसंल."

"भरतील ते. उशीर झाला गं मले."

"उन तं अजून चढलं नई," सासूबाई म्हणाल्या आणि आत गाठोडं आणायला गेल्या. ते बांधून तयारच होतं. दर आखाजीला ते तयार असायचं, हे त्या दिवशी मला कळलं.

परत येताना सासूबाईंना घ्यायला आम्ही वाट वाकडी करून रावेरला गेलो. घरी मामी एकट्याच होत्या. मामी म्हणाल्या, बहीणभाऊ पॅकहाऊसमध्ये आहेत. आखाजीला माहेरवाशिणींनी झोके घ्यायचे असतात, आणि सासूबाईंच्या माहेरचा झोका अंगणाबाहेरच्या कडुनिंबाला असे. तो कडुनिंब मामांनी पाडला होता, मालाच्या गाड्यांना वळायला जागा हवी म्हणून. आम्ही आत गेलो तर पत्र्याखाली, केळीच्या रिकाम्या खोक्यांच्या थप्प्यांमध्ये, छताच्या लोखंडी आडव्याला मामांनी दोर बांधला होता. सासूबाई पाटावर बसल्या होत्या, पाय जमिनीपासून जेमतेम सुटलेले, आणि मामा मागे उभे राहून हलक्या हाताने झोका देत होते.

"लिंब तोडायला नको होता मी," मामा म्हणत होते.

"बांधला ना झोका. बास झालं." मामांनी झोका पुन्हा पुढे ढकलला. सासूबाई मागे न बघता म्हणाल्या, "भाऊ, तू असा मुका नको राहू. मले करमत नई. ते दूरच्या मोठ्या देशाचं सांग ना. ब्राझीलचं."

मामा क्षणभर घुटमळले. आम्ही दारात उभे आहोत हे त्यांना दिसलं होतं, आणि ते आमच्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू परवानगी मागताहेत. मी पुढे झाले, एक खोकं पालथं घातलं आणि त्यावर बसले. म्हटलं, "सांगा मामा. मलाही ऐकायचंय."

ते खाकरले. "ब्राझील," ते म्हणाले, "आपल्यासारखाच आहे गं. केळी पिकवतो." आणि झोका थांबू न देता हळूहळू सांगू लागले.